विझवणाऱ्यांच्या पक्षाचा माणूस

आमच्या सरांना लोकांचे व्रण पाहायचा नाद होता. खोटं काहून बोलू, मला सुरुवातीला त्याची शिसारीच यायची. माणूस रक्त द्यायला यायचा, बाही वर करायचा, आणि कोपराजवळ जुन्या जखमेची खूण दिसली की सर काउंटर ओलांडून या बाजूला येत. हातात भिंग. "हे कशानं लागलं? किती दिवसांत भरलं? पू झाला होता?" तो बिचारा उपाशीपोटी आलेला, त्याला शुगरची धास्ती, आणि हे त्याच्या कोपरावर वाकलेले. मग मान वर करून म्हणत, "वा! काय काम केलंय!" एकदा एक ऑटोवाला म्हणाला, "टाके नाई घातले सर, नुसती हयद लावली होती." सर म्हणाले, "हळदीचं नाही हो म्हणत. तुमचं म्हणतोय."

बायांची फार पंचाईत व्हायची. उमरेडकडच्या एका काकूंचा हात लहानपणी चुलीवर भाजला होता. सरांनी तो दोन्ही हातांत धरून पाच मिनिटं पाहिला. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अवं माय, हे डॉक्टर आहे का कोण आहे?" मी म्हटलं, "डॉक्टरच आहे काकू, फक्त जरा वेगळे आहे."

नागपुरात धंतोलीतल्या एका गल्लीत तळमजल्यावर आमची लॅब. आजूबाजूला दवाखान्यावर दवाखाने, साऱ्या विदर्भाचे पेशंट हातात फायली घेऊन तिथे फिरत असतात. सर लॅबचे मालक आणि पॅथॉलॉजिस्ट, मी टेक्निशियन. बारा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. उंच, वाळलेला माणूस. मशीनच्या खोलीतला एसी सोसत नाही म्हणून मे महिन्यातही अर्धा स्वेटर घालायचे, आणि बाहेर पंचेचाळीस डिग्रीत तसेच चहाला जायचे. लोक वळून पाहत. सरांना त्याचं काही नव्हतं.

मी नोकरी मागायला गेले तेव्हा त्यांनी माझी सर्टिफिकेटं उघडलीसुद्धा नाहीत. विचारलं, "बाई, डास चावला की गांधी उठते. तासाभरानं ती जाते. कशी जाते?"

मी म्हटलं, "आपोआप जाते, सर."

"तुमच्या घरी भांडी आपोआप घासली जातात?"

"नाही. मी घासते."

"मग निदान तुम्हाला तरी हे कळायला पाहिजे होतं," ते म्हणाले, आणि उद्या साडेसातला या म्हणून सांगितलं. मी घरी येऊन आमच्या ह्यांना म्हटलं, माणूस अर्धा येडा दिसते, पण नोकरी लागली.

त्यांचं सगळं म्हणणं त्या एका गांधीत होतं. चहाच्या वेळी कोणी सापडलं की सुरू. "जंतूशी लढणाऱ्या पेशी शाळेतल्या पोराला पण माहीत असतात. पण त्या पेशी काही नेम धरून मारत नाहीत. त्या आग लावतात. जंतू मरतो, आणि शेजारची भिंत पण जळते. म्हणून शरीर आग लावतानाच विझवणारे पण पाठवतं. काही पेशींचं काम मारणं नाहीच, मारणाऱ्यांना आवरणं आहे. काही पेशी मेलेल्यांना उचलून जागा साफ करतात. आणि किडन्यांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी बसल्या आहेत, त्यांचा रस सुटला की साऱ्या फौजेला कळतं, बस झालं, घरी चला." मग चहाचा कप खाली ठेवून ठरलेलं वाक्य. "लढणाऱ्यांचे चौकाचौकांत पुतळे आहेत. विझवणाऱ्याचा एक पुतळा दाखवा मला अख्ख्या नागपुरात. मी विझवणाऱ्यांच्या पक्षाचा माणूस आहे."

आम्ही मनात हसायचो, कारण हा विझवणाऱ्यांच्या पक्षाचा माणूस स्वतः भयंकर तापट होता. फक्त त्यांची तापायची रीत न्यारी. राग आला की आधी बेसिनपाशी जात आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धूत. चांगली तीन-चार मिनिटं. मग टॉवेलला हात पुसत परत येत आणि आम्हाला 'आपण' म्हणत. "आपण ही नळी उघडी ठेवलीत का?" सर 'आपण' म्हणाले की समजायचं, आता आपलं काही खरं नाही. पण आवाज चढलेला मी बारा वर्षांत एकदाही ऐकला नाही. शब्द मात्र असे लागायचे की दुपारचा डबा घशाखाली उतरायचा नाही.

खोटं त्यांना खपायचं नाही. एका मोठ्या माणसानं विम्यासाठी जरा बरा रिपोर्ट लिहून द्या म्हटलं, तर सर हात धुवायला गेले. तो माणूस त्यांच्या मागे मागे बेसिनपर्यंत गेला, आणि तिथून जो निघाला तो सरळ गाडीतच जाऊन बसला. काय बोलले ते कळलं नाही. आम्हाला नळाचा आवाज तेवढा ऐकू आला.

त्यांच्या बायकोला आम्ही मॅडम म्हणायचो. दर शनिवारी डबाभर सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर वडी, घेऊन यायच्या आणि आम्ही खाईपर्यंत उभ्या राहायच्या. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या गेल्या. बारा-तेरा दिवस दवाखान्यात होत्या. शेवटी त्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तो कागद घेऊन मीच पळत सरांच्या खोलीत गेले होते. म्हटलं, "सर, निगेटिव्ह! सुटलो बापा!" सरांनी कागद पाहिला, घडी करून स्वेटरच्या आत खिशात ठेवला. म्हणाले, "व्हायरस गेला, बाई. आता तिचंच शरीर तिला जाळून राहिलंय. ते कोणाच्यानं आवरत नाहीये." तिसऱ्या दिवशी मॅडम गेल्या. मी त्या दिवशी 'सुटलो' म्हटलं होतं, ते आठवलं की अजून जीभ चावावीशी वाटते.

त्यानंतर सरांनी एक रबरी शिक्का करून आणला. 'ही तपासणी औषध चालू असताना केलेली आहे. औषध आपल्या मनाने बंद करू नये.' ज्यांच्या शरीरानं आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, किडनीवर हल्ला चढवलेला असतो, असे पेशंट आमच्याकडे पुष्कळ. त्यांना स्टेरॉइडच्या गोळ्या असतात. त्यांचा रिपोर्ट चांगला आला की सर स्वतः शिक्का मारत, पेशंटला आत बोलावत आणि विचारत, "हा रिपोर्ट चांगला कोणी आणला?" पेशंट म्हणे, "देवानं." "देवानं नाही. गोळीनं. गोळी विझवून राहिली आहे, म्हणून धूर दिसत नाही. गोळी काढली की दिसेल." धंतोलीतल्या डॉक्टरांना हे आवडायचं नाही. पॅथॉलॉजिस्टनं रिपोर्ट द्यावा, उपदेश करू नये. दोघातिघांनी पेशंट पाठवणं बंद केलं. सरांनी शिक्का बंद केला नाही.

त्याच सुमारास समोर एक ज्यूसवाला आला. पाटी लावली, 'इम्युनिटी वाढवा'. गुळवेल, आवळा, कोरफड, काय काय. सर अर्ध्या स्वेटरात त्याच्या गाडीपाशी उभे राहायचे आणि ग्लास घेतलेल्या माणसाला विचारायचे, "वाढवून काय करणार? कोणाशी भांडायचंय?" ज्यूसवाला माझ्याकडे आला. "मॅडम, तुमच्या साहेबले समजवा ना जी. माह्या धंद्याच्या मांगं काहून लागले?" मी काय समजावणार. मी म्हटलं, दादा, ते दुपारी दोनला जेवायला जाते, तेव्हा लाव तू गाडी.

आता माझं सांगते. त्याशिवाय सर कळायचे नाहीत.

प्रत्येक लॅबमध्ये एक रीत असते, ती कुठे लिहिलेली नसते. तिला आम्ही 'घरचं सॅम्पल' म्हणतो. कोणाची सासू, कोणाचं लेकरू, कोणाचा शेजारी. रक्त घरून काढून आणायचं, दुपारी मशीनवर शेवटची बॅच लागली की तिच्या शेपटाला आपली नळी लावून द्यायची. नंबर नाही, नाव नाही, डॉक्टरची सही नाही. आकडे चिठ्ठीवर उतरवायचे आणि फोनवर सांगायचे. सरांना ते माहीत नव्हतं असं मला वाटायचं. साऱ्या धंतोलीत चालते, त्यात काय मोठं, असंही वाटायचं.

माझी धाकटी बहीण काटोलला आईजवळ राहायची. तिथल्या एका खाजगी शाळेत चौथीला शिकवायची. अठ्ठाविसाव्या वर्षी तिला ल्युपस निघाला. तोच रोग, शरीर आपल्याच माणसांना ओळखत नाही तो. गोळ्या सुरू झाल्या, सहा-सात महिन्यांत सांधे मोकळे झाले, ताप गेला. फक्त तोंड सुजलं. स्टेरॉइडनं सुजतं तसं, पौर्णिमेच्या चंद्रासारखं. एके दिवशी ती वर्गात गेली तर फळ्यावर पोट्ट्यांनी एक मोठा गोल काढला होता, त्यात दोन ठिपके, आणि खाली 'म्याडम'. तिनं तो पुसला, तास घेतला, आणि घरी येऊन मला फोन करून रडली. "ताई, मले नाई पायजे ह्या गोळ्या. आरशात पाहते तं मी मलेच वळखत नाई."

माझा जीव तुटला. दिवाळीला काटोलला गेले तेव्हा तिचं रक्त आणि लघवी घेऊन आले आणि घरचं सॅम्पल म्हणून लावलं. सगळं नॉर्मल. लघवीत प्रोटीन नाही, ईएसआर छान, क्रिएटिनिन छान. मला इतका आनंद झाला की मशीनसमोर उभ्या उभ्याच फोन लावला. "नॉर्मल आहे वं सारं! एकदम नॉर्मल!"

ती म्हणाली, "मंग गोळ्या बंद करू?"

आणि मी म्हटलं, "हौ, कर आता. कायले खातं उगाच."

मी म्हटलं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या तोंडून रोज तेच ऐकलं, ज्याचा शिक्का रोज माझ्या हातानं शाईत बुडवला, त्याच माणसाच्या भिंतीआड उभी राहून म्हटलं. पेशंट असती तर मीच तिला ओरडले असते. पण ती पेशंट कुठे होती, ती तर माझी बहीण होती. असलेली अक्कल शेण खायला जाते ती आपल्या माणसाच्याच वेळी.

तिनं गोळ्या एका दिवसात बंद केल्या. तोंड उतरलं. मला फोटो पाठवला, हसरा. आईनं ताकद यावी म्हणून गुळवेलीचा काढा सुरू केला. दीड महिन्यानं पाय सुजले. ते तिनं आठ-दहा दिवस लपवलं, उभं राहून शिकवते म्हणून असेल असं तिला वाटलं, हे नंतर सांगितलं. एका सकाळी काटोलच्या बसनं उतरली आणि सरळ आमच्या काउंटरवर येऊन उभी राहिली. गालांवर लाल चट्टे. डोळ्यांखाली पाणी साचलेलं. मला म्हणाली, "ताई, लघवीले फेस येऊन राहिला."

सर नेहमीसारखे बाहेर आले. तिला पाहिलं, खुर्चीत बसवलं, खाली वाकून तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. विचारलं, "गोळ्या?"

"बंद केल्या. ताईनं सांगतलं नॉर्मल आहे."

काउंटरवर आम्ही चौघं होतो. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बेसिनकडेही गेले नाहीत. लघवीचं सॅम्पल स्वतः घेतलं, स्वतः फिरवलं, काच स्वतः मायक्रोस्कोपखाली लावली आणि मला आत बोलावून म्हणाले, "पाहा."

मी पाहिलं. लाल पेशींचे साचे होते, एक नाही, दोन नाही, सगळीकडे. ते दिसले म्हणजे किडनीच्या आतली चाळणी जळते आहे. मी दुसऱ्यांच्या सॅम्पलमध्ये ते पाहिलेले होते आणि पाहून रजिस्टरमध्ये लिहून डबा खायला गेलेली होते.

"घरचं सॅम्पल लावलं होतं?" सरांनी विचारलं. म्हणजे त्यांना ती रीत माहीत होती.

"हो सर."

"गोळ्या बंद कर म्हणून कोण म्हटलं?"

"मी."

मी विचारलं, "सर, हे माझ्यामुळे झालं?"

"हो," सर म्हणाले. "गोळी बाहेरून येत होती म्हणून तिच्या ग्रंथींनी रस करणं सोडलं होतं. त्या हळूहळू जाग्या कराव्या लागतात. आपण बाहेरचा विझवणारा काढला, आतला झोपलेला. तिच्याजवळ कोणीच राहिलं नाही." त्या दिवशी ते 'आपण' म्हणाले ते रागानं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

किडनीच्या डॉक्टरकडे तिला सरांनीच नेलं, स्वतःच्या जुन्या गाडीतून. मी पर्स उचलून निघाले तर म्हणाले, "तुम्ही थांबा. सकाळची सॅम्पलं पडली आहेत." मला तेव्हा ती शिक्षाच वाटली. काचेतून पाहत राहिले. माझी बहीण पुढच्या सीटवर, सर तिच्याशी काहीतरी बोलत गाडी मागे घेत होते.

पुढचं लांबण लावत नाही. मोठी इंजेक्शनं झाली, गोळ्या पुन्हा दुप्पट झाल्या, तोंड पुन्हा सुजलं. किडनीचा तुकडा तपासायला सरांकडेच आला होता. चाळणीच्या जागी घट्ट गोळे झालेले, मेलेले. ज्या माणसानं साऱ्या नागपूरचे व्रण भिंगातून पाहून वा वा केलं, तो ती काच पाहून एवढंच म्हणाला, "इथं व्रण चालत नाही." वर्षभर किडन्या वाचवायला पाहिलं. मग डायलिसिस लागलं. किडनी द्यायची तर माझा रक्तगट जुळला नाही, आईला शुगर. बहिणीची शाळा सुटली. ती मनीषनगरला माझ्याकडे राहायला आली, कारण आठवड्यातून दोनदा काटोलहून येणं तिच्यानं होत नव्हतं.

आणि ती स्वतःलाच दोष देत होती, असं मला वाटायचं. मधेच म्हणायची, "तोंड बारीक करायची हौस नडली वं मले." मी ऐकायची आणि कणीक मळत राहायची. एक दिवस सहन झालं नाही, सरांपाशी जाऊन म्हटलं, "सर, मला तिला सांगायचंय. चूक माझी होती, हे तिला कळलं पाहिजे."

सर म्हणाले, "कळून तिचं काय होईल?"

"मला हे पेलत नाही, सर."

"म्हणजे तुमच्यासाठी सांगायचं आहे. बाई, तिची पथ्याची भाजी तुम्ही करता. तिला पाणी तुम्ही मोजून देता. डायलिसिसहून आली की उलटीचं भांडं तुम्ही धरता. तिला तुमचा राग आला तर ती हे कोणाच्या हातून घेईल?" मग म्हणाले, "राग यायला ताकद लागते. आत्ता तिच्यात तेवढी नाही. पुढे पाहू."

मी तिला सांगितलं नाही. खोटं काहून बोलू, मला बरंच वाटलं. कोणीतरी मोठ्यानं परवानगी दिल्यासारखं झालं. ते 'पुढे' तीन वर्षं लांबलं.

एक गोष्ट मात्र मला कळायची नाही. सर दर आठवड्याला एकदा तरी डायलिसिसच्या वॉर्डात यायचे. आमच्या लॅबपासून तो दवाखाना दोन गल्ल्या. पण आत येत नसत. दाराच्या काचेतून पाहत, सिस्टरला तिचे आकडे विचारत आणि परत जात. एकदा मीच हाताला धरून आत आणलं, तर माझ्या बहिणीनं भिंतीकडे तोंड केलं. मी म्हटलं, "सर आले आहेत वं." ती वळली नाही. सर म्हणाले, "झोपू द्या." ती झोपलेली नव्हती, हे त्यांनाही दिसत होतं. नंतर मी तिला झापलं, "तुझ्यासाठी माणूस उन्हातून पायी येते, अन् तू तोंड फिरवतं?" ती म्हणाली, "मले नाई आवडत थो माणूस." मला वाटलं, आजारानं चिडचिडी झाली आहे. सरांना माफी मागायला गेले तर ते म्हणाले, "चांगलं आहे. राग येतोय म्हणजे तब्येत सुधारतेय."

यंदा एप्रिलमध्ये सर गेले. हार्ट. सकाळी चहा मागवला आणि चहा येईपर्यंत संपलं. मूलबाळ नव्हतं, पुतण्या आला होता. दुसऱ्या दिवशी घाटावर आम्ही लॅबचे लोक, काही पेशंट, तो ऑटोवाला आणि समोरचा ज्यूसवाला. ज्यूसवाला सगळ्यांत जास्त रडला. ऊन असं होतं की चिता पेटल्याचं कळत नव्हतं.

घरी आले, अंघोळ केली. दुपारची वेळ. बहिणीनं त्या दिवशी बरं वाटत होतं म्हणून स्वतः वरण-भात केला होता. मी तिला सकाळी घाटावर चल म्हटलं होतं, निदान घरी तरी दर्शन घे म्हटलं होतं. ती आली नव्हती. ताट समोर आलं आणि माझा तोल गेला.

"येवढी कशी गं तू उलट्या काळजाची? मेलेल्या माणसाशी कसला राग? तुझ्यासाठी काय नाही केलं त्यांनी?"

ती म्हणाली, "तुले माहीत नाई ताई. तुले सांगतलं नाई मी, तुही नोकरी होती तिथं म्हणून."

"काय सांगितलं नाही?"

"ज्या दिवशी मले गाडीत घेऊन गेले ना, त्या दिवशी त्यायनं कबूल केलं. म्हणे, तुझ्या ताईनं सॅम्पल मलेच दाखवलं होतं. मीच पायलं, मीच म्हटलं गोळ्या बंद करा म्हणून. ताईनं माझा निरोप तुले सांगतला, तिची काही चूक नाई. म्हणे, रागवायचं तं माझ्यावर रागव, पण ताईच्या हातची औषधं सोडू नको." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्याच्या एका शब्दानं माह्या दोन्ही किडन्या गेल्या. अन् मी त्याच्या पाया पडाले जाऊ?"

जो माणूस विम्याच्या कागदावर एक आकडा खोटा लिहायला तयार नव्हता, तो.

मी म्हटलं, "ते खोटं बोलले. त्यांना काही माहीतच नव्हतं. सॅम्पल मी चोरून लावलं होतं. बंद कर म्हणून मी म्हटलं. मी, माझ्या मनानं. सर मध्ये नव्हतेच."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता. आता ताट फेकेल, आता उठून बॅग भरेल, जे व्हायचं ते होऊ दे एकदाचं. मी पुन्हा म्हटलं, "आईची शपथ. चूक माझी होती."

ती हसली. चार वर्षांत तिला इतक्या मायेनं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"ताई, तू तं सुरूपासूनच त्याची भक्त," ती म्हणाली. "आता मेला म्हणून त्याचं पाप पण आपल्या अंगावर घेतं का? मी काय लहान आहे?"

"अगं, खरंच..."

"बस झालं. सकायपासून पोटात काही नाई तुह्या." तिनं माझ्या ताटात भात वाढला, वर वरण घातलं. डायलिसिससाठी फिस्टुला केलेला हात, त्यावर सुयांच्या खुणा. तो हात तिनं माझ्या डोक्यावरून फिरवला. "जेव चुपचाप."

मी अजून एकदा सांगू शकले असते. लॅबमधल्या तिघांना बोलावू शकले असते. ते तिघं त्या दिवशी काउंटरवर उभे होते, त्यांना सगळं माहीत होतं.

मी जेवले.